दोरीचे खेळ व कसरती

दोरीचे खेळ व कसरती : दोरा, दोरी, दोरखंड अथवा तत्सम पिळलेले लवचिक साधन वापरून केले जाणारे मनोरंजनाचे, हस्तकौशल्याचे व व्यायामाचे प्रकार. यांचे स्थूलमानाने चार वर्ग पडतात : (१) बोटांत दोरा गुंफून आकृती करण्याचे आणि दोऱ्याच्या हातचलाखीचे खेळ, (२) ताणलेल्या दोरीवरून चालण्याच्या समतोलाच्या कसरती, (३) टांगलेल्या दोरीवरील व्यायाम, म्हणजे दोरीचा मल्लखांब, (४) गोफ, रस्सीखेच, दोरीवरच्या उड्या यांसारखे सामूहिक खेळ. महाराष्ट्रात हे चारही वर्ग जुन्या काळापासून आढळतात. मात्र त्यांना लाभलेली प्रतिष्ठा सारखी नाही. आखाड्यात टांगलेल्या दोरीवरील कसरतीला राष्ट्रीय स्पर्धा व पुरस्कार मिळाले; बाजारात बांधलेल्या दोरीवरील कसरतीच्या वाट्याला भिक्षेचा शिक्का आला; आणि कधीच न दाखविल्या गेलेल्या एका दोरीच्या जादूला जगभर कीर्ती लाभली. या तिन्ही दोऱ्यांचा इतिहास एकत्र पाहिल्याशिवाय या विषयाचे खरे स्वरूप ध्यानी येत नाही.

दोरी व तिची घडण : परभणी जिल्हा हा गोदावरी, पूर्णा व दुधना या नद्यांच्या खोऱ्यातील काळ्या कसदार जमिनीचा प्रदेश. सेलू, मानवत या येथील कापसाच्या जुन्या बाजारपेठा होत. कापसाइतकेच अंबाडीचेही शेतकऱ्याच्या घरात महत्त्व असे. अंबाडीच्या कोवळ्या पाल्याची भाजी होई, तर काड्या पाण्यात भिजत घालून, कुजवून, त्यांवरील साल सोलून वाक काढीत. या वाकापासून तसेच घायपाताच्या तंतूंपासून दावे, कासरा, नाडा, चऱ्हाट असे दोराचे प्रकार वळले जात. गावगाड्यात हे काम परंपरेने मातंग समाजाकडे असे आणि त्याबद्दल त्यांना शेतकऱ्याकडून बलुते मिळे. पोळ्याच्या सणाला बैलांची वेसण, म्होरकी व कासरा नवा करण्याचा प्रघात याच व्यवस्थेचा भाग होता.

दोरीचे बळ तिच्या पिळात असते. तंतूंना एका दिशेने पीळ देऊन पदर तयार करतात आणि असे दोन-तीन पदर एकत्र घेऊन त्यांना उलट दिशेने पीळ देतात. पदर उकलू पाहतो तेव्हा दोरी अधिक आवळली जाते आणि दोरी उकलू पाहते तेव्हा पदर आवळला जातो. या परस्परविरोधामुळे आखूड तंतूंचीही लांब व मजबूत दोरी होते. ‘सुंभ जळाला तरी पीळ जात नाही’ ही म्हण स्वभावाविषयी असली, तरी तिच्यामागील निरीक्षण दोर वळणाऱ्याचे आहे. दोरीच्या सर्व कसरतींचा आधार हा पीळच होय.

प्राचीन उल्लेख : भारतात उंचावरील समतोलाच्या कसरती करणारा व्यावसायिक वर्ग फार जुना आहे. शुक्ल यजुर्वेदाच्या वाजसनेयी संहितेतील तिसाव्या अध्यायात निरनिराळ्या व्यवसायांची जी प्रदीर्घ यादी आहे, तीत अंतरिक्षासाठी नेमलेला ‘वंशनर्तिन्’, म्हणजे वेळूवर नाचणारा, याचा निर्देश येतो. पाली वाङ्मयातील संयुत्तनिकायात सेदक या गावी बुद्धाने सांगितलेली एका कसरतपटूची कथा आहे. वेळू उभारून कसरत करणारा गुरू आपल्या मेदकथालिका नावाच्या शिष्याला म्हणतो, की आपण एकमेकांना सांभाळू. त्यावर शिष्य उत्तर देतो, की प्रत्येकाने स्वतःचा तोल सांभाळावा, म्हणजे दोघेही सुखरूप खाली उतरू. बुद्ध शिष्याचे म्हणणे योग्य ठरवितो आणि स्वतःला सांभाळणारा दुसऱ्यालाही सांभाळतो, तसेच दुसऱ्याला सांभाळणारा स्वतःलाही सांभाळतो, असा त्यावर बोध करतो. या कथेतील गुरूला ‘चंडालवंसिक’ म्हटले आहे. ही कला तेव्हाही समाजाच्या तळाशी लेखल्या गेलेल्या लोकांच्या हाती होती, हे त्या एका शब्दावरून कळते.

कौटिलीय अर्थशास्त्रात नट, नर्तक, गायक, वादक यांच्या बरोबरीने ‘प्लवक’ म्हणजे उड्या मारणारे व दोरीवर कसरत करणारे, ‘सौभिक’ म्हणजे जादूगार व ‘चारण’ यांची गणना केलेली आहे. बाहेरून आलेल्या खेळकऱ्यांनी प्रत्येक खेळामागे पाच पण इतका कर द्यावा, असे त्यात सांगितले आहे. शेतीच्या कामात व्यत्यय येऊ नये म्हणून नट-नर्तकांना खेड्यांपासून दूर ठेवण्याचाही त्यात उपदेश आहे. करमणुकीतून उत्पन्न घ्यावे, पण करमणूक करणाऱ्यावर नजर ठेवावी, हे राज्यकर्त्यांचे धोरण अशा रीतीने दोन हजार वर्षांइतके जुने ठरते.

दोऱ्याच्या आकृत्या व हातचलाखी : वात्स्यायनाच्या कामसूत्रातील चौसष्ट कलांत ‘सूत्रक्रीडा’ ही एक कला आहे. तेराव्या शतकातील यशोधराने आपल्या जयमंगला या टीकेत तिचे जे विवरण केले आहे, त्यात तीन वेगळे खेळ ओळखता येतात : नळीतून ओवलेले दोरे भलत्याच रीतीने हलविणे, तोडलेला वा जाळलेला दोरा पुन्हा अखंड करून दाखविणे आणि बोटांवर दोरा घेऊन देवळासारख्या आकृती करणे. हे तिन्ही खेळ आजही चालू आहेत. तोडलेली दोरी सांधण्याच्या खेळाचे मर्म सोपे आहे. खेळकरी दोरी दुमडून मधोमध धरल्यासारखे दाखवितो. प्रत्यक्षात मुठीतून वर आलेली घडी ही टोकाजवळच्या भागाची असते. तीच कापली जाते, कापलेला लहानसा तुकडा मुठीतून नाहीसा केला जातो आणि किंचित आखूड झालेली पण अखंड दोरी प्रेक्षकांपुढे येते. प्रेक्षकाच्या डोळ्याला लांबीतील हा अल्पसा फरक कळत नाही.

बोटांवरील दोऱ्याच्या आकृत्या हा जगातील सर्वाधिक पसरलेल्या खेळांपैकी एक आहे. ध्रुवप्रदेशातील एस्किमो, पॅसिफिक महासागरातील बेटांवरील लोक, आफ्रिकी व अमेरिकी आदिवासी यांच्यांत तो स्वतंत्रपणे विकसित झालेला दिसतो. फ्रांट्स बोॲस यांनी १८८८ मध्ये एस्किमोंच्या अशा आकृतीचे वर्णन प्रसिद्ध केले. रिव्हर्झ व हॅडन यांनी १९०२ साली या आकृती नोंदविण्याची शास्त्रीय पद्धती मांडली आणि कॅरोलाइन जेन यांचा त्यावरील विस्तृत ग्रंथ १९०६ मध्ये निघाला. दोरीची टोके बांधलेली असल्याने आकृती कितीही गुंतागुंतीची झाली तरी मूळ वर्तुळ मोडत नाही. बोटे काढून घेताच सारा गुंता उलगडतो. या गुणामुळे गणितातील ग्रंथिसिद्धांताच्या अभ्यासकांनाही या खेळाचे आकर्षण वाटते.

आकाशात जाणारी दोरी : भारतीय जादूचा सर्वांत प्रसिद्ध प्रयोग म्हणून ज्याची जगभर ख्याती झाली, तो दोरीचाच. जादूगार दोरी हवेत फेकतो, ती ताठ उभी राहते, एक मुलगा तिच्यावर चढून अदृश्य होतो, जादूगार तलवार घेऊन त्याच्या मागे जातो, मुलाचे अवयव खाली पडतात आणि शेवटी तो पुन्हा जिवंत होतो, असे त्याचे वर्णन केले जाते. या कल्पनेची बीजे जुनी आहेत. ब्रह्मसूत्रांवरील (१·१·१७) भाष्यात शंकराचार्यांनी ढाल-तलवार घेऊन दोरीने आकाशात चढणाऱ्या मायावी पुरुषाचा दृष्टांत दिला असून, वर चढताना दिसणारा तो आभास व जमिनीवर उभा असलेला मायावीच खरा, असे प्रतिपादन केले आहे. चौदाव्या शतकातील प्रवासी इब्न बतूता याने अशाच प्रकारचा खेळ चीनमधील हांगजो शहरी पाहिल्याचे लिहिले आहे. जहांगीर बादशहाच्या नावावर असलेल्या आठवणींच्या एका संहितेत बंगाली जादूगारांनी आकाशात फेकलेल्या साखळीवरून प्राणी चढून गेल्याचे वर्णन येते.

तथापि आधुनिक काळातील प्रसिद्धीचे मूळ वृत्तपत्रात आहे. ८ ऑगस्ट १८९० रोजी शिकागो ट्रिब्यून या अमेरिकी दैनिकाने दोन अमेरिकी तरुणांनी भारतात हा खेळ पाहिल्याची हकीकत छापली. हकीकत लिहिणारा जॉन विल्की हा होता. पुढे तो अमेरिकेच्या गुप्त पोलीस खात्याचा प्रमुख झाला. ही गोष्ट कल्पित असल्याचे त्याच दैनिकाने सुमारे चार महिन्यांनी मान्य केले, परंतु तोवर ती अनेक भाषांत पोहोचली होती आणि खुलासा मागे पडला. १९३४ मध्ये लंडनच्या मॅजिक सर्कल या संस्थेच्या समितीने हा खेळ उघड्या मैदानावर करून दाखविणाऱ्यास ५०० गिनींचे बक्षीस जाहीर केले. ते कोणीही मिळवू शकले नाही. पीटर लॅमाँट या संशोधकाने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या साऱ्या प्रसिद्धीचा साधार मागोवा घेतला आहे. दिल्लीच्या रस्त्यावरील परंपरागत जादूगार इशामुद्दीन खान याने १९९५ मध्ये कुतुबमिनारच्या परिसरात दोरी वर चढविण्याचा व तिच्यावर मुलगा चढण्याचा भाग करून दाखविला. अवयव तोडण्याचा कल्पित भाग त्यात नव्हता. परदेशी वाचकांनी नसलेल्या दोरीचा शोध घेतला, त्याच काळात खऱ्या दोरीवर चालणारे हजारो कलावंत या देशातील बाजारांतून फिरत होते.

डोंबारी व कोल्हाटी : महाराष्ट्रात दोरीवरील कसरती प्रामुख्याने डोंबारी व कोल्हाटी या भटक्या जमातींनी जतन केल्या. तेलुगू प्रदेशात याच व्यवसायाच्या लोकांना ‘डोम्मर’ म्हणतात. एडगर थर्स्टन यांच्या दक्षिण भारतातील जातिजमातींवरील १९०९ च्या कोशात त्यांचे वर्णन आहे. परभणी जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि या संस्थानात मराठी, तेलुगू व कन्नड हे तिन्ही भाषाप्रदेश एकत्र आले होते. रसेल व हिरालाल यांच्या १९१६ च्या मध्य प्रांतातील जातींवरील ग्रंथात कोल्हाटी या नावाची व्युत्पत्ती उडी मारताना वापरावयाच्या लांब वेळूच्या नावाशी जोडली आहे. मराठीतील ‘कोलांटउडी’ हा शब्द या जमातीच्या नावाशी निगडित मानला जातो. ‘डोंबाऱ्याचा खेळ’ हा वाक्प्रचारही रूढ आहे. कलावंताला गावात घर मिळाले नाही, परंतु त्याच्या कलेला भाषेत घर मिळाले.

खेळाची मांडणी थोडक्या साहित्यात होते. दोन-दोन बांबू कैचीसारखे बांधून दोन बाजूंना उभे करतात, त्यांवरून दोर नेऊन त्याची टोके जमिनीत ठोकलेल्या मेखांना ताणून बांधतात. बहुधा लहान मुलगी हातात आडवी काठी धरून दोरावर चढते. ती प्रथम साधी चालते. मग डोक्यावर तांब्यांची उतरंड घेऊन, पायाखाली थाळी सरकवीत किंवा चाकाच्या कडीत पाय घालून चालते. खाली बाप ढोलकी वाजवीत असतो. ढोलकीची लय पावलांना ठेका देते आणि तिच्यातील बदलाने पुढील कृतीची सूचनाही मिळते. आई प्रेक्षकांमधून थाळी फिरविते. एका कुटुंबात वादक, कसरतपटू, दोर बांधणारा व पैसे गोळा करणारा असे सर्व जण सामावलेले असतात.

या कसरतीमागील यांत्रिकी लक्षात घेण्याजोगी आहे. शरीराचा गुरुत्वमध्य दोरीच्या नेमका वर असेल तोवरच तोल टिकतो. लांब आडवी काठी धरल्याने शरीराची कलण्याविरुद्धची निरूढी (जडत्व) वाढते. तोल जाण्याची क्रिया मंदावते आणि सावरण्यास अवधी मिळतो. दोर जितका आडवा ताणलेला, तितका त्यावरील ताण अधिक असतो. २५ किग्रॅ. वजनाचे मूल मध्यभागी उभे असताना दोर दोन्ही बाजूंस आडव्या रेषेशी ५ अंशांचा कोन करीत असेल, तर दोरातील ताण सुमारे १४३ किग्रॅ. वजनाइतका, म्हणजे मुलाच्या वजनाच्या जवळजवळ सहापट होतो. तात्पर्य, मेख किती खोल ठोकावी, गाठ कोणती मारावी, जमीन ओली आहे की कोरडी, या गोष्टींवर मुलाचा जीव अवलंबून असतो. हे गणित कागदावर न मांडता पिढ्यान्‌पिढ्या हाताने शिकविले गेले. ढोलकीवाल्या बापाची नजर मुलीइतकीच मेखेवर असते, ती याच कारणाने.

दोरीचा मल्लखांब : कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लास (सु. ११३१) या ग्रंथातील मल्लविनोद प्रकरणात मल्लांच्या व्यायामांमध्ये खांबावरील श्रमाचा उल्लेख येतो. मराठवाड्याचा बराच भाग तेव्हा या घराण्याच्या सत्तेखाली होता. मल्लखांबाचे पुनरुज्जीवन मात्र पेशवाईच्या अखेरीस दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधर यांनी केले असे मानतात. पुरलेला मल्लखांब व टांगता मल्लखांब यांच्या जोडीने वेताचा मल्लखांब प्रचारात आला. चांगला वेत दुर्मिळ झाल्यावर त्याची जागा सुती दोरीने घेतली. ही दोरी साधारणतः १ ते २ सेंमी. जाड असते व वरच्या आधाराला टांगलेली असते. पायाचा अंगठा व लगतचे बोट यांच्या चिमटीत दोरी धरून, अढी घालीत खेळाडू वर चढतो आणि आसने, फिरकी, उतरती असे प्रकार करतो. दोरीला कोठेही गाठ मारावयाची नाही, केवळ वेढ्यांच्या घर्षणावर शरीर तोलावयाचे, ही त्यातील मुख्य अट होय. स्पर्धांमध्ये हा प्रकार विशेषेकरून मुलींचा झाला आहे.

या कसरतीस आखाडा, व्यायामशाळा व शाळा यांचे पाठबळ मिळाले. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तेथे भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके केली. १९८१ साली भारतीय मल्लखांब महासंघ स्थापन झाला. मध्य प्रदेशाने २०१३ मध्ये मल्लखांब हा राज्याचा खेळ म्हणून घोषित केला. मुंबईत शिवाजी पार्क येथे फेब्रुवारी २०१९ मध्ये पहिली जागतिक स्पर्धा भरली. सागर ओव्हळकर यांना २०२२ सालचा अर्जुन पुरस्कार, तर दादरच्या समर्थ व्यायाम मंदिराचे प्रशिक्षक उदय देशपांडे यांना २०२४ मध्ये पद्मश्री हा किताब मिळाला. नियम, गुणपत्रक, पंच व प्रमाणपत्र या चार गोष्टींनी एका देशी कसरतीला राष्ट्रीय क्रीडाप्रकाराचे स्थान दिले.

सर्कस व सामूहिक खेळ : बाजारातील कसरत व तिकिटाचा खेळ यांच्यामधील दुवा सर्कशीने जोडला. विष्णुपंत छत्रे यांनी १८८० साली मुंबईत आपल्या सर्कशीचा पहिला खेळ केला आणि भारतीय सर्कशीचा पाया घातला. दोरीची जागा तारेने घेतली, मैदानाची जागा तंबूने. ‘तारेवरची कसरत’ हा शब्दप्रयोग मराठीत स्थिरावला. गावातील सामूहिक खेळांत गोफ उल्लेखनीय आहे. वर बांधलेल्या रंगीत गोंड्यांची वा दोऱ्यांची टोके हाती धरून खेळगडी एकमेकांना ओलांडीत फेर धरतात. त्यातून वेणी विणली जाते आणि नेमक्या उलट क्रमाने नाचत ती उकलली जाते. गोव्यात शिगम्याच्या उत्सवात काणकोण भागातील गोफ प्रसिद्ध आहे. एकाचे पाऊल चुकले तरी साऱ्यांची वेणी अडते, म्हणून हा शिस्तीचा खेळ समजला जातो. रस्सीखेच हा खेळ १९०० ते १९२० या काळात ऑलिंपिक स्पर्धांतही होता.

कायदा व फिरते कलावंत : ब्रिटिश अमदानीत १८७१ साली गुन्हेगार जमातींविषयी कायदा करण्यात आला, १९११ मध्ये तो देशभर लागू करण्याची तरतूद झाली व १९२४ मध्ये तो एकत्रित रूपात पुन्हा संमत झाला. त्यानुसार अधिसूचित जमातींच्या लोकांना नावनोंदणी, हजेरी व परवान्याशिवाय न फिरण्याची सक्ती होती. हैदराबाद संस्थानातही याच धर्तीचा कायदा होता. ज्या जमाती अधिसूचित नव्हत्या, त्यांच्याकडेही ‘फिरतो तो संशयित’ याच दृष्टीने पाहिले जाऊ लागले. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या गावगाडा (१९१५) या ग्रंथात ‘फिरस्ते’ हे स्वतंत्र प्रकरण असून, अशा लोकांचा कुणब्यावर पडणारा भार हा त्यातील मुख्य मुद्दा आहे. कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याच्या बाजूने पाहता त्यात तथ्य होते. परंतु डोंबाऱ्याचा खेळ हे श्रम आहेत व त्याचे पैसे हा मोबदला आहे, ही दृष्टी त्या काळच्या लेखनात अभावानेच आढळते.

गुन्हेगार जमातींचे कायदे ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाले. मराठवाडा १९५६ साली मुंबई राज्यात व १९६० साली महाराष्ट्रात समाविष्ट झाला. राज्याने विमुक्त जाती व भटक्या जमातींच्या स्वतंत्र याद्या केल्या. कोल्हाटी व डोंबारी यांचा समावेश भटक्या जमाती (ब) या गटात असून या गटास २·५ टक्के आरक्षण आहे. परंतु १९५९ च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक अधिनियमात भिक्षेची व्याख्या करताना गाणे, नाचणे, भविष्य सांगणे, खेळ करणे अशा मिषाने सार्वजनिक जागी दान घेणे हेही भिक्षाच ठरविण्यात आले. एका कायद्याने सवलतीस पात्र मानलेला कलावंत दुसऱ्या कायद्याने आपला खेळ दाखविताच भिक्षेकरी ठरू शकतो. हाच अधिनियम दिल्लीतही लागू होता. तेथे त्याच्या प्रमुख तरतुदी दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये घटनाबाह्य ठरविल्या.

याहून अवघड प्रश्न दोरीवरील मुलाचा आहे. बालमजुरीविषयक १९८६ चा कायदा, २००९ चा शिक्षणहक्क कायदा आणि सर्कशीत मुलांना राबविण्यास मनाई करणारा सर्वोच्च न्यायालयाचा २०११ चा निर्णय यांमुळे लहान मुलांकडून जिवावरची कसरत करून घेणे अयोग्य असल्याचे निःसंदिग्धपणे मान्य झाले. जाळी नाही, विमा नाही, मेख निसटली तर वैद्यकीय मदत नाही, अशा स्थितीत उंचावर चालणाऱ्या मुलीचे बालपण व शाळा दोन्ही हिरावली जातात, हे नाकारता येत नाही. पण बालमजुरी कायद्यात २०१६ साली झालेल्या दुरुस्तीने सर्कस वगळता चित्रपट, दूरचित्रवाणी, जाहिराती व क्रीडा यांतील बालकलाकारांना अटींसह मुभा ठेवली आहे. दोरीच्या मल्लखांबावर उलटी लटकणारी मुलगी खेळाडू ठरते. मैदानातील दोरावर चालणारी मुलगी बालमजूर ठरते. दोघींच्या पायांचे कौशल्य एकमेकींना जवळचे आहे. भेद आहे तो पायाखालच्या गादीचा, शेजारी उभ्या असलेल्या प्रशिक्षकाचा आणि दिवस संपल्यावर ती ज्या घरी जाते त्या घराचा. मुलीला धोक्यातून सोडविणे हे आवश्यक कर्तव्य होय. पण तिच्या कुटुंबाची कला व उपजीविका यांना दुसरी जागा दिल्याशिवाय ते पुरे होत नाही.

सद्यःस्थिती : परभणी जिल्ह्यातून १ मे १९९९ रोजी हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. आज परभणी शहरात दरवर्षी फेब्रुवारीत भरणाऱ्या सय्यद शाह तुराबुल हक यांच्या उरुसासारख्या मोठ्या मेळ्यांत यांत्रिक पाळण्यांची गर्दी असते. आठवडी बाजारातील दोरीचा खेळ विरळ झाला आहे. अंबाडीच्या दोराची जागा नायलॉनच्या दोरीने घेतली, त्यामुळे दोर वळण्याचा पिढीजात धंदाही मागे पडला. डोंबारी-कोल्हाटी कुटुंबांतील अनेकांनी मोलमजुरी, फेरीचा व्यापार व शिक्षण यांची वाट धरली आहे. किशोर शांताबाई काळे यांच्या कोल्हाट्याचं पोर (१९९४) या आत्मकथनाने या समाजाचे जीवन, विशेषतः त्यातील स्त्रियांचे शोषण, मराठी वाचकांसमोर आणले. बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय आयोगाने २००८ साली आपल्या अहवालात भटक्या-विमुक्तांच्या निवारा, ओळखपत्रे व शिक्षण या प्राथमिक गरजांकडे लक्ष वेधले.

अशा कलेला वेगळी वाट मिळू शकते, याचे उदाहरण दक्षिण कोरियात आहे. तेथील ‘जुलतागी’ ही दोरीवरून चालण्याची लोककला फिरत्या खेळकऱ्यांची होती. १९७६ मध्ये शासनाने तिला संरक्षित सांस्कृतिक ठेव्याचा दर्जा दिला आणि २०११ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत तिची नोंद झाली. प्रौढ कलावंत मानधनावर ती सादर करतात व शिष्यांना रीतसर शिकवितात. महाराष्ट्रात मल्लखांबाला जशी व्यायामशाळा लाभली, तशी डोंबाऱ्याच्या कसरतीला लाभलेली नाही. मेख ठोकण्याची, गाठ मारण्याची व ताण जोखण्याची तिची विद्या लिहून ठेवलेली नाही. ती जाणणारी माणसे आहेत तोवरच ती नोंदविणे शक्य आहे.